बिडाच्या खांबांचें घर

भंडारा जिल्ह्यांतील साकोली तालुक्यांत सानगडी नांवाचें एक गांव आहे. तेथें जुना किल्ला आहे. परंतु आजच्या भाषणाचा विषय किल्ला नव्हे. त्या बाजूच्या जुन्या घरांविषयीं थोडें बोलून मला आपणांस मुंबईच्या एका रस्त्यावर न्यावयाचें आहे. सानगडी कोठें आणि मुंबईचा काळा घोडा कोठें, असें श्रोत्यांस वाटेल. पण काळ्या घोड्याच्या रांगेंत उभ्या असलेल्या एका जुन्या इमारतीचें मर्म समजून घेण्यास झाडीपट्टींतल्या घरासारखा सोपा दृष्टांत मला दुसरा सांपडला नाहीं.

त्या मुलखांत जुनीं घरें दोन तऱ्हेचीं. पहिलें साध्या माणसाचें. त्यांत मातीची जाड भिंतच छपराचा भार वाहते. भिंत गेली कीं घर गेलें. दुसरें मालगुजाराचें किंवा सुखवस्तु शेतकऱ्याचें. त्यासाठीं आधीं दगडी उथळीं बसवितात, उथळ्यांवर सागाचे खांब उभे करतात, खांबांवर तुळया चढवितात, वर कवेलूंचें छप्पर येतें. आणि हा सांगाडा पुरा झाल्यावर मग खांबांच्या मधल्या जागेंत भिंत घालतात. श्रावणांत तिकडे झड लागली म्हणजे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाहीं. एखाद्या रात्रीं भिंत फुगते, धप्पकन् आवाज होतो, आणि सकाळीं पाहावें तों माजघरांतून थेट परसदार दिसूं लागलेलें असतें. पण घरांतलीं माणसें कपाळाला हात लावून बसत नाहींत. छप्पर खांबांवर आहे आणि खांब उथळ्यांवर आहेत. पाऊस उघडला कीं माती तुडवून नवी भिंत घालतात. या घरांत भिंत हा पडदा आहे. घर म्हणजे खांब. आपल्याकडे घराचें मान सांगतांना फूट आणि इंच न सांगतां ‘पांच खणांचें घर’, ‘सात खणांचा वाडा’ असें सांगण्याची जी रीत पडली ती यामुळेंच. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. भिंतीचा त्यांत उल्लेखच नाहीं.

एवढी गोष्ट ध्यानांत ठेवून आतां मुंबईस चला.

हुतात्मा चौकाकडून संग्रहालयाच्या दिशेनें महात्मा गांधी मार्गावर चालूं लागलें म्हणजे काळ्या घोड्यापाशीं उजव्या हातास चार इमारती एका रांगेंत लागतात. पहिली एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचें वॉटसनचें हॉटेल. दुसरी आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग. तिसरें डेव्हिड ससून ग्रंथालय. आणि चौथें एल्फिन्स्टन कॉलेज. समोर जहांगीर कलादालन आहे, पण तें मागाहूनचें, १९५२ सालचें. ज्या घोड्यावरून या जागेस नांव पडलें तो पुतळा सर आल्बर्ट ससून यांनीं दिला व तो १८७९ सालीं येथें उभा राहिला. घोड्यावर प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढें सातवे एडवर्ड झाले ते, बसलेले होते. मुंबईच्या लोकांनीं राजपुत्राकडे खुशाल दुर्लक्ष करून जागेला घोड्याचें नांव दिलें. १९६५ सालीं पुतळा हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेंत नेला, तरी नांव हललें नाहीं. आणि २०१७ सालीं तेथें नवा घोडा बसविला तो स्वाराशिवायच. लोकमताचा इतका स्वच्छ निकाल फार थोड्या पुतळ्यांच्या वांट्यास येतो.

ही रांग जेथें आहे त्या बाजूस एके काळीं पक्कें घर बांधण्याची कोणास मुभा नव्हती. मुंबईचा कोट अठराव्या शतकाच्या आरंभीं, गव्हर्नर चार्लस बून याच्या कारकीर्दींत, पुरा झाला. कोटाबाहेरचें मैदान तोफांच्या माऱ्यासाठीं मोकळें ठेवीत. त्यालाच एस्प्लनेड म्हणत. १८०३ सालीं कोटांत मोठी आग लागली, आणि त्यानंतर हें मैदान अधिकच काटेकोरपणें मोकळें ठेवण्यांत येऊं लागलें. पुढें मराठ्यांचें राज्य गेलें, समुद्रावरील शत्रूचें भय उरलें नाहीं, आणि कोट मात्र शहराच्या गळ्याभोंवतीं तसाच राहिला. आंत दाटी, उकाडा आणि दुर्गंधि. बाहेर मोकळें रान.

१८६२ सालीं सर बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर झाले, आणि तट पाडण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. मोकळी झालेली जमीन तुकडे पाडून लिलावानें विकावयाची व त्या पैशांतून सार्वजनिक इमारती उभारावयाच्या असा बेत होता. वेळहि अशी साधली कीं, विचारूं नका. अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशचा, गुजराथचा कापूस सोन्याच्या भावानें जाऊं लागला. मुंबईंत पैशाचा पूर आला. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. गिऱ्हाइकापासून गुमास्त्यापर्यंत जो तो शेअर घेत होता. १८६५ सालीं युद्ध थांबलें, भाव कोसळले, आणि ज्या पेढ्या कालपर्यंत लाखांच्या गोष्टी बोलत होत्या त्यांचीं दारें बंद झालीं.

या चार वर्षांच्या भरतींत ज्यांनीं एस्प्लनेडवरील जमीन घेतली त्यांपैकीं जॉन वॉटसन हा एक होता. त्याचा व्यापार कापडाचा व पोशाखांचा. १८६४ सालीं त्यानें लिलावांत जागा घेतली. तिच्यावर दुकान व त्याच्या वर राहण्याच्या खोल्या, असा त्याचा मूळ विचार होता. पुढच्याच वर्षीं ओहोटी लागली. परंतु वॉटसन बुडाला नाहीं. १८६७ सालीं त्यानें काम सुरू केलें, तें १८६९ सालीं पुरें झालें, आणि १८७१ सालीं तेथें दुकानाऐवजीं हॉटेल उघडलें.

आतां हें घर त्यानें कसें बांधलें तें पाहा. मुंबईंत दगडाला तोटा नव्हता. कुर्ल्याचा काळा दगड होता, मालाडचा पिवळा होता, पोरबंदरचा पांढरा गलबतांतून येत होता. चुना होता, गवंडी होते. असें असतां वॉटसननें आपलें घर विलायतेंत ओतवून घेतलें. रोलंड मेसन ऑर्डिश नांवाच्या स्थापत्यविशारदानें त्याची आंखणी केली. हा ऑर्डिश लहान माणूस नव्हे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या कामावर तो होता. सेंट पँक्रास स्टेशनच्या अवाढव्य छपराच्या कामांत त्याचा हात होता. सिंगापूरचा कॅव्हेना पूल त्याचाच. खांब डर्बी येथील फीनिक्स ओतशाळेंत ओतले. जोत्याचा व उथळ्यांचा तांबूस दगडहि इंग्लंडांतील पेनरिथहून आला. गलबतांतून सुटे भाग उतरले आणि बिगाऱ्यांनीं ते एस्प्लनेडवर एकावर एक जोडले. बिडाचे खांब, त्यांवर लोखंडी तुळया, मधल्या खणांत विटांची भिंत, भोंवतीं प्रत्येक मजल्यावर कमानदार आधारांवर पुढें काढलेले सज्जे, आणि खालीं रस्त्याच्या कडेनें खांबांची ओळ. तळमजला धरून पांच मजले. मध्यें मोठा चौक, व त्यावर कांचेचें छप्पर.

सानगडीकडचा सुतार येथें आणून उभा केला असता तर त्यानें क्षणांत ओळखलें असतें: उथळें, खांब, तुळई, खण, आणि मागाहून भिंत. लांकडाच्या जागीं लोखंड आलें, एवढाच फरक. पण त्या काळच्या शिकल्यासवरल्या मुंबईकरांना मात्र हें घर पाहून हंसूं आलें. कोणी त्याला भल्या मोठ्या पिंजऱ्याची उपमा दिली. घर म्हणजे जाड भिंत, आणि भारदस्त घर म्हणजे आणखी जाड भिंत, ही त्यांची समजूत विलायती पुस्तकांतून आलेली होती; आणि विलायतेंतूनच आलेलें हें घर त्या समजुतीस बसत नव्हतें.

जगाच्या बांधकामाच्या इतिहासांत या पिंजऱ्याची जागा कोणती, हें कळण्यास अलीकडच्या इतिहाससंशोधकांचे श्रम कारणी लागले. भिंतीचा आधार न घेतां केवळ लोखंडी सांगाड्यावर अनेक मजले उभे करण्याची कला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हळूहळू सिद्ध झाली. इंग्लंडांत शिअरनेस येथील आरमारी गोदींत बोटी ठेवण्याचें एक कोठार आहे, तें १८६० सालचें. फ्रान्समध्यें नॉइसिएल येथें मेनिए यांच्या चॉकलेटच्या कारखान्याची गिरणी आहे, ती १८७२ च्या सुमाराची. पण एक कोठार, एक गिरणी. माणसांनीं राहावें, जेवावें, निजावें अशा, पूर्णपणें लोखंडी सांगाड्यावर उभ्या राहिलेल्या बहुमजली घरांपैकीं जीं आज शिल्लक आहेत त्यांत वॉटसनचें घर सर्वांत जुन्या घरांच्या पंक्तींत बसतें. ज्या शिकागो शहरानें गगनचुंबी घरांचें श्रेय घेतलें तेथील प्रसिद्ध होम इन्शुरन्स बिल्डिंग १८८५ सालची, म्हणजे आपल्या काळ्या घोड्याच्या घराहून सोळा वर्षांनीं धाकटी. आणि ती १९३१ सालींच पाडली गेली.

रांगेंतल्या बाकीच्या तीन घरांविषयीं थोडक्यांत सांगतों. तीं तिन्ही दुसऱ्या जातीचीं, भिंतीच्या जिवावर उभीं राहणारीं. डेव्हिड ससून ग्रंथालयाचा पाया टांकसाळींतील व गोदींतील तरुण कारागिरांनीं १८४७ सालीं घातला. यंत्रांचे नमुने व शिल्पविद्येचीं पुस्तकें यांचा एकत्र अभ्यास करावा म्हणून त्यांनीं संस्था काढली. ससून घराण्यानें पैसा दिला आणि १८७० सालीं मालाडी दगडाची, टोंकदार कमानींची इमारत पुरी झाली. दारावर डेव्हिड ससून यांचा दगडी मुखवटा आहे, आणि मागें बाग आहे. एवढ्या गजबजलेल्या रस्त्याच्या पाठीशीं ती आहे हें आंत गेल्याशिवाय कोणास खरें वाटत नाहीं. एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत १८८० नंतरच्या दशकांतली. जेम्स ट्रबशॉ यांनीं ती सरकारी छापखान्यासाठीं आंखली, खानबहादुर मंचरजी मर्झबान यांनीं बांधकामावर देखरेख केली, आणि शेवटीं छापखान्याऐवजीं तेथें विद्यार्थी आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ सालीं पदवीधर झाले ते याच कॉलेजमधून. आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग ही सरकारी अंमलदारांना विलायती माल पुरविणाऱ्या एका मंडळीचें दुकान म्हणून १८९० नंतरच्या दशकांत उभी राहिली. तिच्याविषयीं माझें मन फारसें उचंबळत नाहीं. परंतु रांगेंत ती नीट बसते, शेजाऱ्यांच्या उंचीचा मान राखते, आणि एवढा शेजारधर्म पाळणाऱ्या इमारती मुंबईंत पुढें फारशा झाल्या नाहींत.

पुन्हा वॉटसनकडे येऊं. हॉटेल झोकांत चाललें. एकशेतीसच्या आसपास खोल्या होत्या. नोकरचाकरच नव्हे, तर वाढणाऱ्या बायासुद्धां विलायतेहून आणल्या होत्या. १८९६ च्या जानेवारींत अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन तेथें उतरला. सज्जापुढें कावळ्यांची जी सभा भरे तिनें त्याला इतकें वेड लावलें कीं, त्याच्या प्रवासवर्णनांत त्या कावळ्यांनीं चांगलीच जागा पटकावली आहे. मुंबईचा कावळा वाङ्मयांत गेला तो या सज्ज्यावरून. त्याच वर्षीं ७ जुलै रोजीं याच घरांत ल्युमिएर बंधूंच्या माणसानें हलतीं चित्रें दाखविलीं. पॅरिसमध्यें ती जादू लोकांनीं प्रथम पैसे देऊन पाहिली ती १८९५ च्या डिसेंबरांत. सहा-सात महिन्यांत ती येथें आली. तिकीट एक रुपया. आगगाडी स्टेशनांत येते, कामगार कारखान्यांतून बाहेर पडतात, असे मिनिटा-मिनिटाचे प्रसंग. हे खेळ पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते, ज्यांना लोक सावेदादा म्हणत. त्यांचा धंदा फोटो काढण्याचा. त्यांनीं विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ सालीं हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचें चित्र घेतलें. हिंदी माणसानें हिंदुस्थानांत घेतलेल्या पहिल्या चित्रपटांत त्याची गणना होते. म्हणजे आपल्या चित्रपटाची ठिणगीहि याच लोखंडी घरांत पडली.

जमशेटजी टाटांना या हॉटेलांत प्रवेश नाकारला, म्हणून त्यांनीं ताजमहाल हॉटेल बांधलें, ही गोष्ट आपण सर्वांनीं ऐकली आहे. तिला भरंवशाचा पुरावा नाहीं, आणि तिची गरजहि नाहीं. ताज १९०३ सालीं उघडलें, समुद्रासमोर उघडलें, आणि वॉटसनचें तेज उतरलें, एवढें मात्र खरें.

येथून पुढची कथा मुंबईंतील शेंकडों जुन्या इमारतींची कथा आहे. १९६० नंतरच्या दशकांत हॉटेल पुरतें बंद झालें. कांहीं काळ त्याला महेंद्र मॅन्शन म्हणत, मग एस्प्लनेड मॅन्शन हें नांव पडलें. मागच्या बाजूस न्यायालय, तेव्हां वकिलांना जागा हव्याच होत्या. मोठ्या खोल्यांच्या लहान खोल्या झाल्या, लहान खोल्यांचीं खुराडीं झालीं. मधल्या चौकांत, जेथें कांचेच्या छपराखालीं नाच होत, तेथें केर सांचला. सज्जे आडभिंती घालून बंद केले. भाडें मात्र १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें गोठलेलें. मालक म्हणे, या भाड्यांत रंगाचा डबासुद्धां येत नाहीं. भाडेकरू म्हणे, घर मालकाचें, दुरुस्ती मी कां करूं? दोघांचेंहि बोलणें आपापल्या जागीं खरें होतें, आणि दोघांच्या मध्यें घर होतें.

लोखंडाला मातीच्या भिंतीसारखा पावसानें एकदम धक्का बसत नाहीं. तें आंतून जातें. समुद्राचा खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस, आणि नव्यानें घातलेल्या न्हाण्यांचें झिरपणारें पाणी जेथें तुळई खांबाला मिळते त्या सांध्यांत शिरतें. गंज चढतो. गंजलेलें लोखंड फुगतें; मूळ धातूहून कितीतरी अधिक जागा तो गंज मागतो, आणि ती न मिळाल्यास शेजारची वीट, दगड, चुना, जें असेल तें फोडतो. बीड तर मुळांतच तुसडें. वरून कितीहि ओझें ठेवा, तें वाहील. परंतु ताण पडला कीं वांकत नाहीं, एकदम तडकतें. २००५ च्या जुलै महिन्यांत पश्चिमेकडील दर्शनी भागाचा तुकडा कोसळला आणि एका माणसाचा जीव गेला. जगांतील धोक्यांत असलेल्या शंभर वास्तूंच्या पुढच्या वर्षाच्या यादींत या घराचें नांव आलें. २०१८ सालीं काळ्या घोड्याचा हा परिसर, ओव्हल मैदान व मरीन ड्राइव्हसह, युनेस्कोच्या जागतिक वारशांत समाविष्ट झाला. आणि २०१९ सालीं उच्च न्यायालयाच्या आदेशानें घर रिकामें करण्यांत आलें. त्याच वेळीं एका तांत्रिक अहवालानें निष्कर्ष काढला कीं, दुरुस्ती परवडण्यासारखी राहिलेली नाहीं, घर पाडून पुन्हा बांधावें. वास्तुसंवर्धनाचें काम करणाऱ्यांनीं त्याला विरोध केला.

या वादांत मी कोणत्या बाजूस आहें, हें आतां लपविण्यांत अर्थ नाहीं. तरी दुसरी बाजू हलकी लेखूं नये. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर तुळई पडूं द्यावी आणि आपण इतिहासाचें गुणगान करावें, हें कोणास शोभणार नाहीं. घर रिकामें केलें तें योग्यच झालें. ज्या कचेऱ्यांतून लोकांनीं उभी हयात काढली त्यांचें सामान एका उन्हाळ्यांत रस्त्यावर आलें, हें दुःख आहेच. पण जीव वांचले. प्रश्न त्यापुढचा आहे. घर खचलें म्हणजे काय खचलें? पडलें तें काय पडलें?

येथें मला पुन्हा झाडीपट्टींत जावयाचें आहे. तिकडे भिंत पडली म्हणजे सुतार येतो, तो पडलेल्या भिंतीकडे पाहत नाहीं. तो खांबांकडे जातो. बोटाच्या पेरानें टकटक करून आवाज ऐकतो. खालून वर, वरून खालीं. बुंधा कुजला असेल तर आवाज बद्द येतो. मग तो शेजारच्या तुळईला धिरे लावून भार उचलतो, कुजला तेवढाच बुंधा कापतो, तेथें नवा सागवानी तुकडा खांच पाडून सांधतो, आणि धिरे काढतो. एका खांबासाठीं घर पाडण्याचें त्याच्या मनांतहि येत नाहीं; कारण तें घर त्यानें किंवा त्याच्या बापानें सुट्या भागांचें जोडलेलें आहे, आणि जें जोडलें तें उकलतें, हें त्याला ठाऊक आहे.

बिडाला लांकडासारखा सांधा देतां येत नाहीं, ही अडचण खरी. पण बिडाचा एक गुण लांकडांत नाहीं. सागाचा एक खांब दुसऱ्यासारखा कधींच नसतो. बिडाचे खांब एका सांच्यांतून निघतात. एका धडक्या खांबाचा सांचा घेतला कीं फुटलेल्या खांबाचा जुळा भाऊ ओततां येतो. डर्बीला जावयास नको. आपल्या कोल्हापुरांत ओतकामाचे कारखाने किती आहेत आणि तेथील माणसें काय प्रतीचें ओततात, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना हें अवघड वाटणार नाहीं. दगडी भिंतीचें घर मध्येंच खचलें तर त्याला हात लावतांना भय वाटतें, कारण प्रत्येक दगडावर वरच्या प्रत्येक दगडाचा भार आहे. सांगाड्याच्या घरांत एक खण धिऱ्यांवर घेऊन दुरुस्त करावा, मग दुसरा घ्यावा. काम खर्चाचें आहे, वेळखाऊ आहे, त्याला धीर लागतो, अशक्य नाहीं. वरच्या मजल्यांवरची भर, आडभिंती, न्हाण्या, पत्रे, हें सर्व काढलें तर खांबांवरचें पुष्कळसें ओझें तेवढ्यानेंच उतरेल.

रांगेंतील शेजाऱ्यानेंच हें थोडेंबहुत करून दाखविलें आहे. ससून ग्रंथालयावर मध्यंतरींच्या काळांत काँक्रीटचा सपाट स्लॅब घातला होता. त्याच्या ओझ्यानें व गळतीनें जुनें घर त्रासलें होतें. देणगीदारांच्या मदतीनें तो स्लॅब काढून मूळ धर्तीचें उतरतें छप्पर पुन्हा बसविलें, आणि २०२३ सालीं ग्रंथालय नव्यानें उघडलें. तें दगडी घर आहे, तेथें मालक एक आहे, भाडेकरूंचा गुंता नाहीं. वॉटसनच्या घराशीं त्याची बरोबरी करतां येणार नाहीं, हें मला मान्य आहे. परंतु आधीं ओझें उतरवावें आणि मग रोग पाहावा, ही पद्धत दोहोंकडे सारखीच.

पाडून पुन्हा तसेंच बांधूं, असें म्हणणारेहि आहेत. दगडी दर्शनी भागाच्या बाबतींत कदाचित् तें चाललें असतें. येथें नवीन काँक्रीटचा सांगाडा उभा करून त्यावर पुढून बिडाचे खांब चिकटविले, तर खांब भार वाहणार नाहींत. ते नाटकांतल्या भालदारासारखे नुसते उभे राहतील. या घरांत दुसरें काय आहे? कोरीव काम फारसें नाहीं, शिखर नाहीं, घुमट नाहीं. खांब भार वाहतात आणि भिंत वाहत नाहीं, एवढेंच त्याचें सौंदर्य आणि एवढाच त्याचा इतिहास. तें गेलें कीं पाठीमागें उरतो तो जुन्या हॉटेलचा देखावा.

आपण कधीं मुंबईस गेलांत तर जहांगीर कलादालनाच्या पायऱ्यांवर दहा मिनिटें उभे राहा. समोर कॉलेज व ग्रंथालय पाहा. तेथें कमानीच्या दोहों बाजूंस भिंत किती रुंद ठेवावी लागली आहे तें पाहा. मग थोडें हुतात्मा चौकाच्या बाजूस सरकून लोखंडी घराकडे तोंड करा. सज्जे, जाळ्या, मागाहून ठोकलेल्या फळ्या यांकडे लक्ष देऊं नका. खालीं रस्त्यापासून नजर वर नेत एक खांब धरा, आणि तो मजल्यामागून मजला कसा चढत जातो तें पाहा. नंतर त्याच्या शेजारचा धरा. दोहोंच्या मध्यें जी जागा आहे तिला इंग्रजींत काय म्हणतात तें स्थापत्याच्या पुस्तकांत मिळेल. सानगडीच्या बाजूस तिला खण म्हणतात.